कळंबच्या थांब्यावरची यादी

१

एकोणीसशे सत्त्याण्णवच्या मार्चमधला शेवटचा शनिवार. कळंबला वालचंदनगरची सकाळची एसटी पकडायला आलेल्या माणसांना थांब्याच्या भिंतीवर कागदाची एक लांब पट्टी चिकटवलेली दिसली. फोनच्या बूथवर बोलणं संपलं की मशीनमधून निळ्या कडेची चिठ्ठी येते, तसलाच कागद होता, फक्त हातभर लांब. वर छापलं होतं, 'कळंब बूथ, मार्च'. खाली चाळीस ओळी. प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, लावलेला नंबर आणि बोलणं किती मिनिटं चाललं ते.

नाव एकाही ओळीत नव्हतं. पण गावात बूथ एकच आणि तिथं कोण कधी उभं असतं हे समोरच्या हॉटेलात बसणाऱ्यांना पाठ. एसटी येऊन गेली तरी निम्मी माणसं भिंतीपाशीच उभी होती. कुणी म्हणालं, ही ओळ गुरुजींची. कुणी म्हणालं, रविवारी संध्याकाळी कोण येतं ते ठाऊक आहे. दुपारपर्यंत माणसं वालचंदनगरला जाऊन त्यातले नंबर फिरवून बघू लागली.

बाकीचे नंबर लागेनात. एकच लागला. बारा मार्च, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं, इंदापूरचा नंबर, शेवटी बेचाळीस. पलीकडून एक बाई बोलल्या, "वकील साधना लोंढे यांचं ऑफिस."

बारा मार्चला अकराच्या सुमाराला बूथवर कोण होतं, ते गावातल्या ज्ञानदेवला चांगलं आठवत होतं. त्याची विधवा भावजय, फुलाबाई. दोन वर्षांपूर्वी भाऊ गेला तेव्हापासून तो तिच्यापुढं कागद धरून बसला होता, जमिनीवरचा हक्क सोड म्हणून. आणि ही बाई गुपचूप वकिलाला फोन करते!

शनिवारी आणि रविवारी त्या घरात काय झालं ते शेजाऱ्यांनी ऐकलं, बोललं कुणी नाही. सोमवारी सकाळी फुलाबाई पाण्याला म्हणून गेली. घागर विहिरीच्या कठड्यावर सापडली. बाई सापडली नाही.

२

स्वरदूत इलेक्ट्रॉनिक्सची शेड बारामतीजवळ जळोचीच्या रस्त्याला होती. त्यांची बूथची मशीन पुणे जिल्ह्यात दोनशे अकरा ठिकाणी बसली होती. शुक्रवारी, चार एप्रिलला, मालक दादासाहेब मासाळ यांच्या टेबलावर बारामतीतलं एक साप्ताहिक पडलं होतं. पहिल्याच पानावर मथळा : 'फोन तुमचा, कान कुणाचा?' खाली कळंबची सगळी हकिकत, कंपनीच्या नावासकट. फुलाबाईचं नाव नव्हतं, 'एक विधवा बेपत्ता' एवढंच.

खोलीत तिघंच होती. दादासाहेब मेंढपाळाच्या घरातले. वडिलांनी हयातभर खांद्यावर घोंगडी टाकून माळ तुडवला, मुलानं डिप्लोमा करून कारखाना काढला. दुसरे बाजीराव टेळे, विक्रीचं सगळं बघणारे, बोलण्यात कुणाला न हरणारे. तिसरी मनिषा रूपनवर, एकतीस वर्षांची इंजिनिअर. मशीनचं डोकं, म्हणजे आतला प्रोग्रॅम, तिनं एकटीनं लिहिलेला.

"विहिरी बघितल्या का?" मनिषानं विचारलं. आल्यापासून तिसऱ्यांदा.

"तिन्ही उपसल्या. पोलिसांनीही बघितल्या. काही नाही," दादासाहेब म्हणाले. "मनिषा, तू बस आधी."

ती बसली नाही. "जानेवारीत मी याच खोलीत सांगितलं होतं. बिल छापलं की नंबर पुसून टाकायचा. साठवायचा नाही. बूथवर बोलणारा माणूस आपल्याला काही लिहून देऊन बोलत नाही."

"जानेवारीचं जानेवारीत झालं," बाजीराव म्हणाले. "भांडण होतं गिऱ्हाइकाचं, मी हा नंबर लावलाच नाही म्हणून. बूथवाल्याला पुरावा लागतो. नवं मॉडेल खपलं ते मेमरी आहे म्हणून. आता काढली तर आपणच कबूल केल्यासारखं होईल की चूक होती."

"चूक होतीच!"

"पेपरवाले चार दिवस ओरडतील. पाचव्या दिवशी दुसरं काही मिळेल त्यांना."

"आणि ती बाई?"

बाजीरावांनी चष्मा काढून पुसला.

दादासाहेबांनी ड्रॉवरमधून मूळ पट्टी काढून टेबलावर पसरली. पोलिसपाटलाकडून ती त्यांनी मागून आणली होती. "मला एक गोष्ट कळत नाही. बूथवाल्याला मेमरी छापता येत नाही. त्याला आपली सर्व्हिसची किल्ली लागते. तसल्या किल्ल्या तीन आहेत." त्यांनी आपल्या खिशातली किल्ली काढून पट्टीवर ठेवली.

बाजीरावांनी आपली ठेवली. मनिषानं गळ्यातल्या दोरीतून आपली सोडवली.

तिन्ही किल्ल्या जागेवर होत्या. पंख्याच्या वाऱ्यानं पट्टीचं टोक फडफडत होतं. कुणी कुणाकडं बघेना.

३

दादासाहेबांनी जीप काढली आणि ते इंदापूरला द्वारकाबाई ओव्हाळ यांच्याकडं गेले.

द्वारकाबाई टेलिफोन ऑपरेटर. एकतीस वर्षं कानाला हेडफोन लावून त्यांनी तालुक्याचे ट्रंककॉल जोडले होते आणि आदल्या डिसेंबरात रिटायर झाल्या होत्या. छप्पन साली धर्मांतर झालं तेव्हा त्या शाळेत होत्या. त्यांच्या घरात पगाराची नोकरी करणारी पहिली बाई त्याच. लग्नं मोडल्याच्या, माणसं गेल्याच्या, पळून आल्याच्या किती बातम्या त्यांच्या कानावरून गेल्या असतील. त्यातली एकही त्यांच्या तोंडून बाहेर आली नाही, हे सगळा तालुका जाणत होता. पहिलं मशीन बनवताना दादासाहेब त्यांचाच सल्ला घ्यायला आले होते. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "मशीनचं नंतर बघा. बूथचं दार नीट लागतं का ते आधी बघा."

आता त्यांनी पट्टी हातात घेतली, खिडकीपाशी नेली आणि एक-एक ओळ बोटानं खाली सरकत वाचली. बराच वेळ.

"दादासाहेब, कळंबची किती पोरं मुंबई-पुण्याला कामाला आहेत?"

"असतील शंभर-दीडशे."

"आणि महिनाभरात एकाही आईबापानं मुंबईला फोन केला नाही? पुण्याला नाही? सगळे नंबर इंदापूर, बारामती, दौंड, भिगवणचे."

दादासाहेबांनी वाकून बघितलं. खरंच होतं.

"पोलिस काय म्हणतात?"

"बाई आपल्या पायानं गेली म्हणतात. द्वारकाबाई, मला झोप नाही. यादी कुणी लावली ते शोधून द्या. आमच्या तिघांतलाच कुणीतरी आहे. मलाही धरा त्यात."

"धरलंय," द्वारकाबाई म्हणाल्या आणि चपला पायात सरकवल्या. "चला. कळंबला घेऊन चला. पण तिथं तुम्ही जीपमध्येच बसायचं."

४

बूथ आबाजीचा. पन्नाशीचा, भिडस्त माणूस. सहा दिवसांत त्याच्या बूथवर एकही गिऱ्हाईक चढलं नव्हतं.

"आमी काय केलं न्हाय, बाई," तो हात जोडून म्हणाला. "मला ती मशीन उघडाय बी येत न्हाय. लोक म्हनत्यात, आबाजीनंच इकलं आमाला."

"बारा मार्चला फुलाबाई आली होती का इथं?"

"म्या कसं सांगू? म्या नव्हतो. मोरगावला भाचीचं लगीन हुतं. धा तारखेला गेलो, चौदाला आलो."

"यादी लागली त्याच्या आसपास कंपनीचं कुणी येऊन गेलं?"

आबाजी चाचरला. मग हळूच म्हणाला, "आदल्या दिशी. शुक्रवारी सांच्याला. ते टेळेसाहेब. मशीन बगतो म्हनले. मला चा आनाय धाडलं हाटेलात. आलो तवा मशीन बंद करून निगालेच हुते."

द्वारकाबाईंनी जीपकडं एकदा बघितलं.

ज्ञानदेव घरासमोर बाजेवर बसला होता. डोळे तांबारलेले. "बोलाय काय राह्यलंय? कागदावर हाय ना समदं. अकरा वाजून धा मिंटं. म्या सोता बगितली तिला बूथात शिरताना."

"बाकीचे नंबर लावून बघितले?"

"लावलं की. लागनात. लाईनी तशाच हायेत आपल्याकडं. ह्यो एक लागला, आन् निगाली कोन? वकील!"

"तिला विचारलंस?"

"इचारलं. न्हाय म्हनली. माजं माहेर भवानीनगरला, तितं फोन लावाय गेल्ते म्हनली. आता कागद खोटा का ती खोटी?"

"मारलंस तिला?"

ज्ञानदेव बाजेवरून उठून आत गेला.

द्वारकाबाई परत बूथवर आल्या. आबाजीची बायको भागूबाई मागच्या दारी तांदूळ निवडत होती. द्वारकाबाई तिच्याजवळ जमिनीवर टेकल्या, सुपातले खडे वेचू लागल्या.

"आबाजी मोरगावला होते तेव्हा बूथवर कोण बसलं होतं?"

"मीच की. आनिक कोन बसनार?"

"मग फुलाबाई आली होती ते तुम्हाला ठाऊक असेल."

"आल्ती की. बसली, पानी पेली, माज्या संगं बोलत राह्यली आन् गेली. बापाला बरं न्हवतं तिच्या, जीव लागंना."

"आणि फोन?"

भागूबाईचा हात सुपात थांबला. तिनं द्वारकाबाईंकडं असं बघितलं, जणू त्या काही भलतंच विचारत होत्या.

"फोन कसला करतीया? मेला हुता की फोन. रस्त्याला खांदत हुते, तार तुटली. अकरा, बारा, तेरा, तीन दीस शीटीच नव्हती त्येच्यात. येईल त्येला मी हेच सांगत हुते."

"हे तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"मला कोन इचारतंय? पोलिस आले, ह्यास्नी इचारून गेले. पेपरवाला आला, ह्यास्नी इचारून गेला. मी म्हनलं, कागदावर हाय म्हंजे आसंल कायतरी."

५

जो फोन झालाच नव्हता, तो मशीननं साठवला कसा?

जीपमध्ये दादासाहेब हाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होते. जानेवारीतला मेमरीवरचा वादही त्यांनी सांगून टाकला होता. द्वारकाबाईंनी इंदापूरला गाडी थांबवली, जुन्या ऑफिसात जाऊन पाऊण तास बसल्या आणि बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या काखेत दोन वर्षांपूर्वीची ग्रामीण पुणे जिल्ह्याची डिरेक्टरी होती. मग चौकातल्या एका बूथवर गेल्या. आत जाऊन दार लावून घेतलं आणि एकच फोन केला. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"बारामती," त्या म्हणाल्या. "टेळ्यांना भेटू."

बाजीराव आपल्या खोलीत होते. कळंबचं नाव निघताच त्यांनी हसण्याचा प्रयत्न केला. "मावशी, माझं कामच गावोगाव फिरण्याचं. गेलो असेन कळंबला. त्यात काय?"

"आबाजीला चहाला पाठवून मशीन उघडलंत. काय छापलंत?"

"काही नाही."

"बॅग दाखवा."

बाजीराव दादासाहेबांकडं बघू लागले. दादासाहेबांनी नजर हलवली नाही. शेवटी बाजीरावांनीच बॅग टेबलावर ठेवली आणि आतून निळ्या कडेच्या पट्ट्यांचा एक जुडगा निघाला. कळंब, निमगाव, लासुर्णे, सणसर. एकेका गावाची एकेक गुंडाळी.

"हे काय आहे, बाजीराव?" दादासाहेबांनी विचारलं.

"नमुना," बाजीराव पुटपुटले. "नव्या बूथवाल्याला दाखवायला. तोंडानं सांगून पटत नाही लोकांना. हे असं उलगडून दाखवलं की लगेच घेतात. नावं कुठं आहेत यात? आकडेच तर आहेत."

"कळंबला नावं कुठं होती?" द्वारकाबाई म्हणाल्या.



द्वारकाबाईंनी कळंबची गुंडाळी उचलली. ती उलगडताना मात्र त्यांनी नंबरांच्या रकान्यावर तळहात आडवा धरला आणि फक्त तारखा बघितल्या. दहा मार्च. त्यानंतर एकदम चौदा मार्च. मधले तीन दिवस कोरे.

"ही खरी यादी," त्या म्हणाल्या आणि गुंडाळी पुन्हा घट्ट केली. "भिंतीवरची खोटी. टेळे, तुम्ही केलंत ते वाईटच आहे, आणि याचं उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. पण ती यादी तुमची नाही. ज्याच्या बॅगेत खरी आहे तो खोटी कशाला बनवेल?"

"मग आम्ही दोघंच उरलो," दादासाहेब म्हणाले. बोलता बोलता ते खुर्चीवर टेकले. "मी आणि मनिषा."

६

मनिषा आपल्या खोलीत होती. टेबलावर उघडं मशीन, तारा बाहेर आलेल्या. तिघांना एकदम दारात बघून ती उभी राहिली.

द्वारकाबाईंनी डिरेक्टरी टेबलावर ठेवली. पट्टी तिच्या शेजारी पसरली. त्या कुणावर आवाज चढवून बोलल्या नाहीत. टेलिफोनच्या बोर्डावर बसून ग्राहकाला सांगावं तसं सांगत गेल्या.

"बारा तारखेला कळंबचा फोन बंद होता, म्हणजे यादी मशीननं केली नाही, माणसानं केली. कागद आणि छपाई तुमची, म्हणजे माणूस तुमच्यातला. मशीनमध्ये मनात येईल ते भरून छापायचं तर आतलं तंत्र कळायला हवं. टेळ्यांना ते कळत नाही. तुम्हा दोघांना कळतं."

"बरोबर," दादासाहेब म्हणाले.

"आता हे चाळीस नंबर. मी एकतीस वर्षं नंबर ऐकलेत. वाचतानाच मला खटकलं, यातला एकही मी कधी जोडलेला नाही. डिरेक्टरी काढून बघितलं. चाळीसच्या चाळीस नंबर तेव्हा कुणालाच दिलेले नव्हते. रिकामे. एखाद-दुसरा असता तर योगायोग म्हटलं असतं. कुणीतरी बसून, शोधून, कुणाच्याही घरी वाजणार नाहीत असेच नंबर निवडलेत. जवळ डिरेक्टरी ग्रामीणची होती, म्हणून मुंबई-पुण्याचे नंबर त्यात आले नाहीत."

मनिषानं टेबलाची कड धरली होती.

"ज्याला गावात भांडण लावायचं असतं तो खरे नंबर घालतो. या माणसाला कुणालाही दुखवायचं नव्हतं. लोकांनी नुसतं घाबरावं, ओरडा करावा आणि कंपनीला मेमरी काढायला लावावी, एवढंच त्याला हवं होतं." द्वारकाबाई दादासाहेबांकडं वळल्या. "तुम्हाला मेमरी काढायची असती तर तुमचा एक शब्द पुरे होता. ज्याच्या शब्दाला या कंपनीत कुणी विचारलं नाही, त्यालाच भिंतीवर कागद चिकटवावा लागला."

बाहेर शेडमध्ये कुणीतरी मशीन तपासत होतं; चिठ्ठी छापल्याचा कर्रर्र आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता.

"बेचाळीस कसा लागला?" मनिषानं विचारलं. "मी प्रत्येक नंबर तीनदा तपासला होता. तो रिकामा होता."

"दोन वर्षांपूर्वी होता. फेब्रुवारीत दिला. नव्या वकीलबाईंना."

मनिषा खाली बसली. "मला वाटलं, कुणाचंच काही जाणार नाही. नंबर खोटे, वेळा खोट्या. गावही असं निवडलं की माझ्या ओळखीचं तिथं कुणी नाही. शनिवारी पहाटेच्या गाडीनं गेले, चिकटवलं, त्याच गाडीनं पुढं गेले. दोन दिवसांत बोभाटा होईल, मग दादासाहेब ऐकतील." तिनं वर बघितलं. "जानेवारीत मी तीन पानं लिहून दिली होती. तुम्ही ती वाचलीत का, दादासाहेब?"

दादासाहेबांनी मान हलवली. नाही.

"चाळीस ओळी लिहिल्यास तू," द्वारकाबाई म्हणाल्या. "अख्खं गाव आहे. कुठल्या ना कुठल्या ओळीत कुणीतरी सापडणारच होतं. ती बाई बापाची खुशाली विचारायला बूथवर आली, एवढाच तिचा गुन्हा."

"ती जिवंत आहे का?" मनिषानं विचारलं. "मावशी, तेवढं सांगा."

द्वारकाबाईंनी पट्टी गुंडाळून ठेवली. "मी दुपारी तो बेचाळीसवाला नंबर लावला. एवढंच म्हटलं, मी कळंबच्या कामासाठी बोलतेय. मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. पलीकडून वकीलबाई म्हणाल्या, 'त्या बाई कुणालाही भेटणार नाहीत.' आणि फोन ठेवून दिला."

मनिषानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

७

रविवारी सकाळी मनिषा कळंबच्या एसटी थांब्यावर उभी राहिली. शेजारी द्वारकाबाई आणि दादासाहेब. पोलिसपाटलांनी माणसं बोलावली होती. न बोलावलेलीही आली होती.

मनिषानं सगळं सांगितलं. यादी मी बनवली. एकही फोन खरा नाही. बारा तारखेला तर तुमच्या गावचा फोनच बंद होता. फुलाबाईंनी वकिलाला फोन केला नव्हता. गुन्हा माझा आहे.

भागूबाई मागून मोठ्यानं म्हणाली, "व्हय, मेलाच हुता फोन! मी सांगते की!" तिच्याकडं दोन-चार जणांनीच वळून बघितलं.

ज्ञानदेव पुढं आला. "मशीन कशाला खोटं बोलंल? मशीनला काय आमच्याशी वैर हाय? खोटं बोलतंय ते मानूस. वकिलीनबाईनं पडवलं आसंल तुमाला हे."

"मशीन मीच बनवलंय," मनिषा म्हणाली.

"मंग तर झालंच," कुणीतरी म्हणालं आणि पुष्कळ जण हसले. काही हसले नाहीत. गुरुजी खाली मान घालून निघून गेले. निम्म्या गावाला पटलं, निम्म्याला नाही. आणि ज्यांना पटायला हवं होतं ते दुसऱ्या निम्म्यात होते.

दादासाहेबांनी तिथंच जाहीर केलं की दोनशे अकरा मशीनमधली मेमरी काढून टाकणार, आणि साप्ताहिकात स्वतःच्या सहीनं सगळं छापणार, बाजीरावांच्या बॅगेतल्या गुंडाळ्यांसकट. परतताना ते मनिषाला एवढंच म्हणाले, "ती तीन पानं काल वाचली." तिनं राजीनाम्याचा कागद पुढं केला. तो त्यांनी घडी न उलगडताच खिशात ठेवला.

द्वारकाबाईंनी आदल्या दिवशी वकीलबाईंना पुन्हा फोन करून निरोप ठेवला होता : जिनं यादी केली तिला भेटायचंय, तुमची इच्छा असेल तरच. उत्तर आलं होतं, या.

इंदापूरला वकीलबाईंच्या घरामागं एक खोली होती. फुलाबाई दाराशी पाटावर बसली होती. पस्तिशीची, काटक. डाव्या डोळ्याखालचा काळा डाग आता पिवळा पडत आला होता. मनिषा उंबऱ्याबाहेरच थांबली. तिला आत जायचा धीर होईना.

"तुमी हाय व्हय," फुलाबाई म्हणाली.

मनिषानं बोलायला सुरुवात केली. माफी मागितली, पुन्हा सगळं सांगितलं, मध्येच रडू लागली. फुलाबाईनं तिला थांबवलं नाही, जवळही बोलावलं नाही. सगळं संपल्यावर विचारलं, "मंजी माजं नाव मनात धरून केलं न्हाय तुमी?"

"नाही. शपथेवर सांगते. मला तुम्ही माहीतच नव्हता."

"त्येच की," फुलाबाई म्हणाली. "तुमाला म्या म्हायीत नव्हते."

मनिषा उन्हात तशीच उभी राहिली; फुलाबाईच पुढं बोलू लागली.

"म्या तरी कुटं वकील बगितला हुता? म्या सांगत हुते, फोन मेला हुता म्हनून, कुनी आयकलं न्हाय. ज्ञानदेवभावजी मारताना वराडत हुते, इंदापूरची लोंढे वकिलीन, लोंढे वकिलीन. तवा नाव कळलं. इहिरीपातुर गेले. लई येळ बसले तितं." ती थांबली. पदराच्या टोकाला तिनं पीळ दिला आणि सोडला. "मंग म्हनलं, ज्या बाईच्या नावानं येवडा मार खाल्ला, तिला बगून तरी येऊ."

द्वारकाबाईंनी तोंड दुसरीकडं वळवलं.

"आता परत जानार न्हाय मी," फुलाबाई म्हणाली. "माजा वाटा मागनार हाय. बाई म्हनत्यात, कोर्टात साक्षीला मानूस पायजे. भावजी कागद दावनार, बगा हिचं कारस्तान म्हनून. आज गावात जे बोलला, ते तितं बोलशीला? सायबाफुडं, समदं लिवून देऊन?"

"बोलेन."

"नोकरी जाईल तुमची."

"गेली."

"पोलिस बी धरतील."

"धरू द्या."

फुलाबाईनं तिच्याकडं नीट बघितलं, पहिल्यांदाच. मग पाट सरकवून बाजूला केला.

"भाईर उनात हुब्या राहू नगा," ती म्हणाली. "आत या. पयल्यापासनं सांगा समदं. आन् सावकाश सांगा, मला ध्यानात ठिवायचंय."